वेलकम फंक्शन

जबाब

मी, सौ. कुसुम अनंत रिसबूड, वय ७१ वर्षे, धंदा सेवानिवृत्त, पूर्वी आयुर्विमा कार्यालयात दावे विभागाची प्रशासकीय अधिकारी, राहणार वारजे, पुणे, आज पोलीस ठाण्यात कोणी न आणता, स्वतःच्या गाडीने हजर होऊन हवालदार उत्तरेश्वर यांच्यासमक्ष सांगते ते असे की,

माझ्या नावाने टाइप केलेला एक अर्ज आज सकाळी ठाण्यात पोचला आहे. तो मी लिहिलेला नाही. तो अश्वरथ मोटर्स या मोटारविक्री शोरूमचे मॅनेजर रविराज यांनी लिहून आणला आणि माझ्या सहीसाठी खाली जागा सोडली. माझी गाडी मोबाइलवरून हॅक केल्याबद्दल धायरीच्या एका बाईवर आणि तिच्या नातीवर गुन्हा नोंदवावा, अशी त्यात मागणी आहे. ती सही मी केलेली नाही आणि करणारही नाही. त्याऐवजी हा जबाब देत आहे.

मी आणि माझे पती अनंत असे आम्ही दोघेच राहतो. त्यांचे दोन्ही गुडघे बदलले आहेत. फिजिओथेरपीसाठी त्यांना आठवड्यातून दोनदा कोथरूडला न्यावे लागते. गाडी मी चालवते. आमची जुनी गाडी बुटकी होती, तीतून त्यांना उठता येत नसे, म्हणून जानेवारीत आम्ही अश्वरथ मोटर्सच्या बायपासवरील शोरूममध्ये गेलो. तिथे ऋषी नावाचा विक्री प्रतिनिधी आम्हाला मिळाला. मुलगा अतिशय नम्र आहे. त्याला गाडीतले काहीही माहीत नाही.

आम्ही विजेवर चालणारी गाडी पाहत होतो. मी विचारले, "बॅटरी कुठे असते?" त्याने बॉनेट उघडून कोपऱ्यातली छोटी बॅटरी दाखवली. मी म्हटले, "अहो, एवढ्याशा डबीवर ही सिंहगडापर्यंत जाते?" तो म्हणाला, "मॅम, टेक्नॉलॉजी खूप पुढे गेलीये." खरी बॅटरी गाडीच्या पोटात, सीटच्या खाली असते. हे मला नंतर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात सापडले. ते पुस्तक शोरूममध्ये कोणी उघडलेले दिसत नव्हते.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये गाडीवरचा सॅटिनचा कपडा ओढायला लावतात, पूजा करतात, फोटो काढतात. मी हळदकुंकू लावायला गेले तेव्हा बॉनेटच्या फटीत वाळलेले कुंकू आधीच होते. मी बोट दाखवले. ऋषी म्हणाला, "मॅम, आपल्या सगळ्या गाड्यांची कारखान्यातच पूजा होते." मी म्हटले, "आणि नारळ? तोही कारखान्यात फुटतो?" तो हसला. मी हसले नाही. अनंत म्हणाले, "कुसुम, फोटोपुरतं तरी हस."

ही गाडी फोनला जोडता येते, असे त्याने विकताना तीनचार वेळा सांगितले होते. घरबसल्या दिवे लावा, एसी लावा, गाडी कुठे उभी आहे ते नकाशावर पाहा. प्रत्यक्षात माझ्या फोनला ती जोडली गेली नाही. ऋषीने आधी सर्व्हर डाउन आहे असे सांगितले, मग पुढच्या अपडेटला होईल असे सांगितले, मग माझा फोन जुना आहे असे सांगितले. फोन दिवाळीत घेतलेला आहे.

गाडी घरी आल्यानंतरचे प्रकार आता सांगते. हवालदारांनी मधे "भुताटकी" हा शब्द लिहिला होता. तो मी खोडायला लावला आहे.

मी गाडीत बसून ती सुरू केली की चालकाची सीट आपोआप मागे सरकत असे, अगदी शेवटपर्यंत. माझे पाय पॅडलला पोचत नसत. आरसेही वर वळत. त्यांत मला आकाश दिसे. सहा फुटांच्या माणसाला ते सोयीचे झाले असते. मी पाच फूट आहे. दर वेळी मी सीट पुढे घेई आणि दर वेळी ती पुन्हा मागे जाई. ऋषी फोनवर म्हणाला, "मॅम, गाडी तुम्हाला शिकतेय. एआय आहे."

रोज तिन्हीसांजेला आमच्या सोसायटीच्या तळघरात ही गाडी बंद उभी असताना तिचे दिवे लागत. थोडा वेळ राहत आणि विझत. वॉचमन दशरथ याने हे प्रथम पाहिले. त्यानंतर तो त्या वेळी तळघरात जाईनासा झाला. मला म्हणाला, "काकू, गाडीत कोणीतरी बसल्यासारखं वाटतं." मी स्वतः एका संध्याकाळी खाली जाऊन उभी राहिले. किल्ली माझ्या हातात होती. दिवे लागले. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे ती सुरू आहे की बंद हे नुसते ऐकून कळत नाही. मी जवळ जाऊन काचेवर हात ठेवला. आत कोणी नव्हते. ऋषी म्हणाला, "ते वेलकम फंक्शन आहे, मॅम. गाडी ओनरला वेलकम करते." मी विचारले, "ओनर वर आमटीला फोडणी देत असताना?"

मार्चमध्ये ऊन वाढले. भर दुपारी क्लिनिकच्या बाहेर उभी केलेली गाडी आम्ही परत येऊन उघडली की आत थंडगार असे. एसी लागलेला असे. अनंतला ते आवडले. म्हणाले, "असू दे ना. कोणीतरी आपली काळजी घेतंय." मी त्यांना गप्प बसायला सांगितले.

त्याच सुमारास ती बाई दिसू लागली. नऊवारी, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. प्रथम क्लिनिकच्या पार्किंगमध्ये दिसली. मग वारज्यात भाजीच्या दुकानासमोर. मग बँकेबाहेर. मी कुठे जाणार हे मी कोणाला सांगत नाही, अनंतलाही नाही. तरी मी गाडी लावून काम उरकून येईपर्यंत ती तिथे असे. गाडीच्या नाकावर तळहात टेकवून उभी असे, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मी जवळ गेले की निघून जाई. एकदा वायपरखाली फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा होता. भाकरी गरम होती. अनंत म्हणाले, "हात लावू नकोस, काही उतारा-बितारा असेल." माझे शिक्षण नन्सच्या हाताखाली झाले आहे, मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही. अन्न फेकू नये असेही त्यांनी शिकवले आहे. भाकरीचे पुढे काय झाले हे या प्रकरणाशी संबंधित नाही.

ऋषीला हेही विचारले. हे फीचर नाही, एवढे तो प्रथमच म्हणाला.

मागच्या मंगळवारी मी अनंतला क्लिनिकमध्ये सोडले, वर गेलेच नाही, पार्किंगच्या खांबामागे थांबले. ती बाई रिक्षातून उतरली. बरोबर कॉलेजच्या वयाची मुलगी होती, हातात फोन घेतलेली. मी पुढे होऊन विचारले, "माझ्या गाडीशी काय करताय?"

मुलगी रडू लागली. बाई रडली नाही. म्हणाली, "तुमची कशी? संपतची हाय ही."

बाईचे नाव सोजरबाई मारुती बेनकर, राहणार धायरी. मुलगी तिची नात ऋतिका. संपत हा सोजरबाईंचा मुलगा आणि ऋतिकाचा बाप. ऋतिकाने मला फोन दाखवला. तो संपतचा. त्यात नकाशा होता, नकाशावर माझी गाडी होती आणि वर लिहिले होते "संपतची गाडी".

ऋतिकाने सांगितले ते असे. संपतने ही गाडी गेल्या दसऱ्याला घेतली. मुहूर्त चुकू नये म्हणून शोरूमने नोंदणी व्हायच्या आधीच, नंबर नसलेली गाडी घरी नेऊ दिली. ही पद्धत सगळीकडे चालते आणि ती बेकायदेशीर आहे. शोरूममध्येच ऋषीने गाडी संपतच्या फोनला जोडून दिली, त्याच्या उंचीप्रमाणे सीट आणि आरसे बसवून त्याच्या नावाने साठवून दिले. पूजा झाली. चार दिवस गाडी धायरीत फिरली. कोजागिरीच्या सकाळी संपत झोपेतून उठला नाही. वय चव्वेचाळीस. भावकीने गाडी अपशकुनी ठरवली आणि तेराव्यानंतर शोरूमला परत केली. नोंदणी झालेलीच नव्हती, त्यामुळे कागदोपत्री ती कोणाची नव्हती. अश्वरथ मोटर्सने ती धुतली, पुसली, कपडा घातला आणि मला नवी म्हणून विकली. कुंकू तेवढे राहिले.

संपतचे नाव गाडीतून काढायचे तर आधीचा मालक होता हे कंपनीला कळवावे लागते. म्हणून त्यांनी ते काढले नाही. म्हणून माझा फोन जोडला गेला नाही. यात सर्व्हरचा दोष नाही.

मी सोजरबाईंना विचारले, दिवे का लावता? त्या म्हणाल्या, "सांजच्याला देवाम्होरं दिवा लावते, मग ह्यो दाबते. पोरीनं दावलं मला. अंधारात कुटं उभा आसंल तर वाट दिसावी." आणि एसी? "उन्हात तापतंय न्हवं आत."

मी म्हटले, "सोजरबाई, तुमचा मुलगा गेला. हे तुम्हाला माहीत आहे."

त्या म्हणाल्या, "म्या न्हाऊ घातलाय त्याला. मला ठावं न्हाई व्हय? पर ह्या फोनात रोज येतंय, संपतची गाडी निघाली, संपतची गाडी पोचली. मेलेलं माणूस फिरत न्हाई. मग चालवतंय कोण?"

मी म्हटले, "मी चालवते."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाल्या, "तुमी न्हवं, ताई. तुमी नुसत्या बसता."



एक गोष्ट सांगायची राहिली. होळीच्या आदल्या दिवशी मी सोसायटीतून रस्त्यावर गाडी काढत असताना हॉर्न आपोआप वाजला. लांब वाजला. माझा हात त्यावर नव्हता. मी दचकून ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी उलट्या बाजूने खडीचा डंपर समोरून गेला. बॉनेटपासून तो किती लांब होता हे मला विचारू नये. अनंत शेजारी बसले होते. ऋतिकाला मी हॉर्नबद्दल विचारले. ती म्हणाली, "नाही काकू, आजी हॉर्नला घाबरते, आम्ही ते कधीच दाबत नाही. आणि त्या दिवशी फोन दुकानात होता, काच बदलायला." दुकानदाराची पावती तिने दाखवली. मी ऋषीलाही विचारले. तो म्हणाला, "मॅम, फीचर असेल." त्याची बाकीची सर्व उत्तरे खोटी होती. हे एक खोटे आहे असे मला सिद्ध करता येत नाही.

बुधवारी मी शोरूममध्ये गेले. मॅनेजर रविराज यांनी आधी अशी कोणतीही विक्री झालीच नाही असे सांगितले. मी ऋतिकाकडून घेतलेला संपतच्या डिलिव्हरीचा फोटो समोर ठेवला. त्यात ते स्वतः हार घालताना दिसतात. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात. त्या लोकांनी तुमच्या गाडीचा बेकायदा ताबा ठेवलाय, सायबर गुन्हा आहे. तुम्ही तक्रार द्या. फोन जप्त होईल, अकाउंट बंद होईल, विषय संपला." मी म्हटले, "तुमचा विषय संपेल." ऋषी मागे उभा होता. मी त्याला विचारले, "तू मला विकलीस तेव्हा तुला माहीत होतं की ही तीच गाडी?" तो म्हणाला, "मॅम, आम्हाला सांगायला सांगतात तेच आम्ही सांगतो." तेवढे एक वाक्य त्याने न अडखळता उच्चारले.

मी दावे विभागात तीस वर्षे मृत माणसांचे कागद तपासले. वारस खोटे बोलला तर मी दावा फेटाळत असे आणि मला कधी वाईट वाटले नाही. या प्रकरणात वारस खरे बोलत आहे आणि विकणारा खोटे. म्हणून माझी तक्रार अश्वरथ मोटर्सविरुद्ध आहे. वापरलेली गाडी नवी म्हणून विकल्याबद्दल आणि ते झाकण्यासाठी एका म्हातारीला आरोपी करू पाहिल्याबद्दल.

हवालदारांनी विचारले की, परक्या व्यक्तीने परवानगीशिवाय गाडी हाताळली हे तरी खरे ना? आजपर्यंत ते खरे होते. आता मी गाडीची मालक या नात्याने लेखी सांगते की, श्रीमती सोजरबाई बेनकर यांना सदर गाडीचे दिवे लावण्यास, एसी लावण्यास व ती कुठे आहे हे पाहण्यास माझी संमती आहे. सोजरबाई स्वतः नको म्हणेपर्यंत संपतचे नाव गाडीतून काढू नये, असे मी कंपनीला कळवत आहे. सीटचे मी बघून घेईन. पाठीशी उशी घेते. फोन जप्त करू नये.

त्या अर्जावरून बोलावलेल्या सोजरबाई व ऋतिका सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसून आहेत. त्यांना कोणी चहाही विचारलेला नाही, याचीही नोंद घ्यावी. जबाब संपल्यावर त्यांना मी धायरीला घरी सोडणार आहे. सोजरबाईंना मी पुढे माझ्या शेजारच्या सीटवर बसा म्हटले. त्या म्हणाल्या, तितं तुमी बसा, ताई. तेव्हा सदर गाडी मी स्वतः चालवणार आहे. हवालदारांच्या मते हे वाक्य अनावश्यक आहे. ते तसेच राहावे असा माझा आग्रह आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला, कारण माझा वाचून दाखवण्यावर विश्वास राहिलेला नाही. तो माझ्या सांगण्याप्रमाणे, खरा व बरोबर आहे.

सही
कुसुम अ. रिसबूड

समक्ष
उत्तरेश्वर, पोलीस हवालदार