खाऊन तर बघा, ओगावा साहेब

...अन् वर कंपनीतले मलाच म्हणतात, कृष्णा, तुला जपानी येत होतं ना, मग बोलला का नाहीस? अहो, काय बोलणार? तुम्हाला सांगतो, माणसाला परक्या भाषेतलं एकच वाक्य येत असलं ना, तर त्यानं तोंड उघडूच नाय. आता मी काय करू, सांगा.

झालं असं, आमच्या वाळूजच्या कंपनीतून एकाला ट्रेनिंगसाठी जपानला धाडायचं होतं. एक तर मी, नाहीतर माझ्याच लाइनवरचा ऋतुराज. निवडणार कोण, तर तिकडून आलेले ओगावा साहेब. मी विमान आजवर चिकलठाण्याच्या रस्त्यावरून मान वर करूनच बघितलेलं, मला लई जायचं होतं हो. म्हणून उस्मानपुऱ्यात मृण्मयी मॅडमच्या जपानी क्लासला घुसलो, तेही चालू बॅचमध्ये. मॅडम म्हणाल्या, "क्रियापदाचं 'ते'नं संपणारं रूप घ्या, पुढं मिरु लावा. मिरु म्हणजे बघणे. आपण करून बघतो, जाऊन बघतो, तसंच. ताबेते मिते कुदासाई, खाऊन बघा."

म्हटलं, हे तर आपलंच आहे की. आमच्या पिशोरात बैल चालवून बघतात, टरबूज वाजवून बघतात, जावई जेवायला बसवून बघतात. मी तेवढं एकच वाक्य घोकलं अन् साहेबांना घरी जेवायला बोलावलं.

आई, आवडाबाई, खास पिशोरहून आली. येसराची आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा. मी ऐटीत म्हणालो, "ताबेते मिते कुदासाई." साहेब खूश. खाल्लं, ताट असं लख्ख केलं की घासायला नको... अन् तिथंच घात झाला. त्यांच्याकडं ताटात शीत ठेवायचं नाय, अन् आमच्या आईच्या राज्यात पाव्हण्याचं ताट रिकामं दिसायचं नाय. तिनं वाढलं. त्यांनी संपवलं. तिनं वाढलं. त्यांनी घाम पुसून संपवलं.

मी म्हटलं, "आई, बास कर." ती म्हणते, "गप रे. लेकरू एवढं लांबून आलंय, रिकामं ताट घेऊन बसलंय, अन् मी हात आवरू व्हय?" साहेबांनी हात जोडून मान वाकवली. आई म्हणाली, "बघ, मागतंय." पुन्हा भाकरी. आता मी काय करू, सांगा.

साहेबांना सांगायचं होतं, बाबा, चतकोर ताटात ठेव, तरच सुटशील. पण कसं सांगू? त्यांचं इंग्रजी माझ्या जपानीसारखंच, अन् दुभाष्या फक्त कंपनीत. मोरीपाशी जाऊन मॅडमला फोन लावला, मॅडम, नको कसं म्हणायचं? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ते तुम्ही यायच्या आधीच शिकवून झालं." परत आलो तर साहेब डोळे पांढरे करून माझ्याकडं बघतायत, काहीतरी बोल म्हणून. घाबरून माझ्या तोंडून काय निघावं? ताबेते मिते कुदासाई. बिचाऱ्यांनी मान खाली घातली अन् खाल्लं.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर नाहीत. म्हटलं, गेलं आपलं जपान. तिसऱ्या दिवशी मीटिंग. साहेब पोटावर हात ठेवून लांबलचक बोलले, दुभाष्या सांगतोय, "साहेब म्हणतात, आईच्या माघारी इतक्या मायेनं कुणी जेवू घातलं नव्हतं." माझा ऊर भरून आला बघा. मनात बॅगसुद्धा भरायला घेतली. "म्हणून साहेब आणखी वर्षभर इथंच राहणार आहेत. ऋतुराज जपानला जाईल. कृष्णा मात्र साहेबांना इथंच पाहिजे."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मग मी पिशोरला जात नाय आता."

आता ऋतुराज तिकडून बर्फातले फोटो पाठवतो. अन् मी दर शनिवारी गिरणीत बाजरीचा डबा घेऊन उभा.