लिफ्टच्या नोटिशीवरचं नाव

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. उषाताई, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगते. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच उठावं, मध्येच खुर्ची सरकवू नये.

या हॉलमध्ये मी झेंडावंदनाला बोलले आहे, निरोपसमारंभात बोलले आहे, भांडणात तर कायमच बोलले आहे. आज तितकं सोपं नाही. प्रभाकर कांबळे गेले त्याला आठ दिवस झाले. नुसतं दुःख असतं तर मागच्या रांगेत बसून रडले असते आणि घरी गेले असते. पण मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती त्यांच्या पत्नीच्या, उषाताईंच्या समोर करायची आहे, आणि तुमच्या सगळ्यांच्या समोर करायची आहे.

उषाताईंच्या माहेरची मंडळी साताऱ्याहून आली आहेत. त्यांना मी कोण ते माहीत नसेल. मी विजया सामंत. टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. गेली चार वर्षं या सोसायटीची सेक्रेटरी आहे. मुलुंडमधली ही आपली सात मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट एकच. कांबळे पाचव्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, हे लक्षात ठेवा. ते माझ्या गुन्ह्यात येतं.

कांबळे वीज कंपनीत वायरमन होते. उभी नोकरी लोकांच्या घरात वीज आणण्यात गेली. निवृत्त झाले आणि ती वाया जाऊ नये म्हणून आपल्या मागे लागले. शर्टाच्या खिशात पेन नसेल, टेस्टर असायचाच.

एकदा माझ्याकडे चहाला आले. चहा राहिला बाजूला, माझ्या फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा धरला, दार लावलं आणि कागद ओढला. सुळकन बाहेर आला.

“मॅडम, रबर गेलंय. तुम्ही दूध नाही, अख्खं मुलुंड गार करताय.”

मी म्हटलं, “मुलुंडला गरजच आहे हो, मे महिना चालू आहे.”

हसले. दुसऱ्या दिवशी नवीन रबर घेऊन दारात उभे.

सहाव्या मजल्यावरच्या परबवहिनी इथे समोरच बसल्या आहेत. त्यांचा गीझर सकाळी सहाला लागायचा तो नऊपर्यंत बंद व्हायचा नाही. कांबळे त्यांना म्हणाले, “वहिनी, पाणी एकदा तापलं की तापलं. त्याचा काय काढा करायचाय?” वहिनींनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं, “ह्यो माणूस आमच्या न्हाणयेत कित्याक डोकावता?” पण गीझर बंद करायला लागल्या. खरं की नाही, वहिनी? मान हलवतायत बघा.

असा माणूस. टोचायचा, पण आधी स्वतःच्या घरी करून मग टोचायचा. कपड्यांची इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळी एकदम. टीव्ही रिमोटने नाही, बटणावरून बंद. डाळ-तांदूळ आधी भिजवून मग कुकर. उषाताई, तुम्ही किती वैतागायचात, ते मी खालच्या खिडकीतून ऐकलंय.

आता मुख्य गोष्टीवर येते.

मागच्या वर्षी आपल्या सोसायटीचं सामायिक विजेचं बिल फार वाढलं. कमिटीची बैठक झाली. कांबळे कमिटीत नव्हते, त्यांना मुद्दाम बोलावलं. ते एक कागद घेऊन आले, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पहिलं, गेटवरचं कारंजं आणि भिंतीवरचे रंगीत दिवे बंद करा. दुसरं, वरची टाकी भरून वाहते तरी पंप चालतो, तिथे फ्लोट बसवा, टाकी भरली की पंप आपोआप थांबेल. तिसरं, जिन्यात माणूस आला की लागतील असे दिवे. चौथं, सोसायटीच्या ऑफिसात कोणी नसताना एसी नको. आणि शेवटी, खाली रेघ मारून: लिफ्टला हात लावू नका.

ती रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

ते तोंडानेही बोलले. “लिफ्ट ही चैन नाही. वर म्हातारी माणसं आहेत. घरकामाच्या बायका दिवसाला तीन-तीन घरं चढतात. बचत करायची तर जास्त आहे तिथून करायची. पाय दुखतात तिथून नाही.”

मग काय झालं? अध्यक्षसाहेब म्हणाले, कारंजं ही सोसायटीची शान आहे. दुसरे कोणी म्हणाले, रंगीत दिव्यांमुळे पाहुण्यांना बिल्डिंग सापडते. ऑफिसच्या एसीचा विषय तर निघालाच नाही, कारण आम्ही तेव्हा त्याच एसीत बसलो होतो. फ्लोट आणि जिन्यातले दिवे मंजूर झाले, कारण ते कांबळे स्वतः फुकट बसवून देणार होते. आणि मग कोणीतरी म्हणालं, दुपारी एक ते चार लिफ्ट बंद ठेवू, तेव्हा कोण वापरतं?

कोण वापरतं! ज्यांनी विचारलं ते त्या वेळी आपापल्या ऑफिसात असतात.

कांबळे उठून उभे राहिले. “हे माझ्या कागदात नाही,” म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मी गप्प बसले.

अध्यक्षसाहेब, घड्याळ दाखवू नका. तुमचं भाषण शेवटी आहे, तुम्हाला वेळ मिळेल. खरं म्हणजे तुमचं भाषण शेवटी आहे, म्हणूनच मी लांबवतेय.

नोटीस मला लिहायला सांगितली. “मॅडम, तुमचं मराठी चांगलं. आणि नाव कांबळ्यांचं टाका, त्यांना बरं वाटेल.” कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई मी, कोणी माझ्या मराठीचं कौतुक केलं की मी आजही फुलते. मी घरी येऊन सुंदर नोटीस लिहिली. “आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद श्री. प्रभाकर कांबळे यांच्या सूचनेनुसार, वीजबचतीसाठी लिफ्ट दुपारी एक ते चार बंद राहील.” खाली माझी सही. मला वाटलं, मी त्या माणसाला मान देतेय.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

“मॅडम, हे मी म्हटलं नव्हतं.”

“अहो, मान दिलाय तुम्हाला.”

“मान असा देतात होय? मग कारंज्याखाली लावा ना अध्यक्षांच्या नावाची पाटी.”

मी हसण्यावारी नेलं. “बघते, बदलते,” म्हणाले.

बदललं नाही. आठ महिने. का नाही बदललं? मी या आठ दिवसांत स्वतःला शंभर वेळा विचारलं. उत्तर फार छोटं आहे. अध्यक्षांशी वाद नको होता. आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहते. मला लिफ्ट लागत नाही.

त्या आठ महिन्यांत तुम्ही त्यांना काय काय म्हणालात, तेही आज निघू दे. “काय कांबळे, विजेची बचत झाली, आमचे गुडघे गेले!” “मेनस्विच आले, पळा!” परबवहिनी, तुम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन सहा मजले चढताना त्यांच्या दारासमोर मुद्दाम थांबायचात आणि मोठ्याने म्हणायचात, “ह्येंच्या नावान आमची वाट लागली!” मी तुम्हाला दोष देत नाही, वहिनी. तुम्ही नोटीस वाचली होती. नोटीस मी लिहिली होती.

आणि कांबळ्यांनी एकदाही कोणाला सांगितलं नाही की हे माझं नाही. मी विचारलं, का नाही सांगत? म्हणाले, “मॅडम, मी आता नाही म्हटलं तर लोक जिन्यातले दिवे पण काढतील. म्हणतील, याचं सगळंच खोटं. बोलू दे त्यांना. दिवे राहू देत.”

अजून एक गोष्ट मी कधी मोठ्याने म्हटली नाही. आज म्हणते. या सोसायटीत चांगली कल्पना निघाली की ती कमिटीची असते. त्रासाची निघाली की तिला नाव लागतं. आणि ते नाव कांबळे लागतं. सामंत लागत नाही. याचा विचार घरी जाऊन करा. मी करतेय.

आता तो दिवस. दुपारी दीडला टाकीवरचा फ्लोट अडकला आणि पाणी गच्चीवरून वाहायला लागलं. वॉचमन जाधवांनी कांबळ्यांना फोन केला, कमिटीतल्या एकाही माणसाला नाही, कारण उचलणारा कोण ते त्यांना माहीत आहे. कांबळे गच्चीवर गेले, फ्लोट सोडवला, मग खाली येऊन पंपाचं बटण तपासलं. अडीच वाजले. वर जायला निघाले.

जाधव इथे दारात उभे आहेत. जाधव, मी चुकले तर थांबवा. जाधव म्हणाले, “काका, घाम किती आलाय. थांबा, लिफ्ट चालू करतो. कोण बघतंय?”

कांबळे म्हणाले, “नको रे. नोटिशीवर माझं नाव आहे. मीच बसलो तर लोक काय म्हणतील?”

बरोबर ना, जाधव?

“बरोबर,” म्हणतायत.

तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले. परत उठले नाहीत.

लिफ्टने गेले असते तर वाचले असते का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी ते ओझं वाढवून घेत नाही आणि कमीही करत नाही. मला एवढंच माहीत आहे की ते जिना चढले ते माझ्या अक्षरातल्या एका ओळीमुळे.

आणि मग आपण काय केलं? त्यांना न्यायला गाडी अजून यायची होती, तोवर जिन्यात कुजबुज सुरू झाली. “स्वतःच्याच बचतीने गेला बिचारा.” एकाने म्हटलं, दुसऱ्याने मान हलवली, तिसऱ्याने पुढे सांगितलं. दाराच्या आड उषाताई उभ्या होत्या.

चार दिवसांपूर्वी उषाताई माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, “मॅडम, खरंच यांनीच बंद करायला लावली का हो लिफ्ट? घरी कधी बोलले नाहीत. लोक म्हणतात, यांनीच स्वतःचं ओढवून घेतलं.”

त्या वेळी मी काय म्हणाले? “आता कशाला त्या गोष्टी, ताई.” आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले. पासष्ट वर्षांची बाई मी, गॅससमोर उभी राहून साखर ढवळत राहिले, पण तोंडातून खरं निघालं नाही.

उषाताई, आता ऐका. नाही. त्यांनी नाही बंद करायला लावली. त्या खोलीत लिफ्टच्या बाजूने बोलणारा तो एकच माणूस होता. तुमच्या नवऱ्याने काहीही ओढवून घेतलं नाही. आम्ही ते त्यांच्या अंगावर घातलं, आणि तुमच्यापर्यंत येऊ दिलं. मी तुमची माफी मागते. तुम्ही आज उत्तर देऊ नका. कधीच दिलं नाही तरी तो तुमचा हक्क आहे.

अध्यक्षसाहेब, आता तुमच्या भाषणाबद्दल. ते टाइप करायला माझ्याकडेच आलं होतं, म्हणून मला माहीत आहे. तुम्ही जाहीर करणार आहात की कांबळ्यांना श्रद्धांजली म्हणून आजपासून लिफ्ट पूर्ण वेळ चालू राहील. टाळ्याही पडतील. पण त्याचा अर्थ काय होतो? बंद त्यांनी केली होती आणि चालू तुम्ही केलीत. मेल्यावरही तेच. हे मी होऊ देणार नाही. लिफ्ट आजच चालू करा, जरूर करा, पण कमिटीने बंद केली होती, कांबळ्यांचा विरोध होता, असं लिहून. मी ती नोटीस लिहून आणली आहे. ही बघा. खाली माझी सही आहे. तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे. नाही केलीत तरी ही नोटीस लागणार, त्या मोकळ्या जागेसकट.

आणि त्यांचा तो दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद उषाताईंच्या घरी सापडला तर तो मी पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचणार आहे. सगळा. कारंज्यापासून. ज्याला शान जपायची असेल त्याने त्या दिवशी उभं राहून जपावी.

झालं माझं. बावीस वर्षं हा माणूस जिन्यात भेटला की मला “जय भीम, मॅडम” म्हणायचा, आणि मी “गुड मॉर्निंग” म्हणून पुढे जायचे. कांबळे, जय भीम. उशीर झाला.

आता सगळ्यांनी उभं राहावं, ही विनंती. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. ते आपल्याला जड जाणार नाही. आठ महिने आपण बसून गप्प होतो.