आईची फिल्म उतरवताना

आमच्या शाळेतला सुधीर सर तुम्हाला माहीत आहे ना, त्याच्यावर आलेला प्रसंग सांगतो. मोबाइलवर काढलेल्या घरच्या फिल्मा तो दोन-तीन साइटांवर ठेवायचा, कारण एकीवर फुकटची जागा पुरत नसे. त्यातली एक साइट बंद होणार होती, आणि हे त्याला शेवटच्या दिवशी कळलं. उमरठ गावी राहणाऱ्या त्याच्या आईची एकुलती एक फिल्म नेमकी तिथेच होती. आई आदल्या वर्षीच गेली होती.

आम्ही महाडच्या सायबर कॅफेत धावलो. पासवर्ड दोनदा चुकला. आणखी एकदा चुकला असता तर खातंच बंद झालं असतं. सुधीरने बायकोला फोन लावला.

"ते खातं मीच उघडून दिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आईंचं माहेरचं नाव टाका."

खातं उघडलं. फाइल मुंगीच्या पावलांनी उतरत असताना वीज गेली.

कॅफेवाला म्हणाला, "बॅटरी जास्त वेळ नाय टिकायची."

आम्ही पडद्यावरचे टक्के मोजत बसलो. फाइल उतरली, तशी सुधीरने ती आधी पेनड्राइव्हवर घेतली आणि मग लावली.

चुलीपाशी बसलेली आई मोबाइलकडे वैतागून बघत होती. "बस झाला रे आता. भाकर थंड होतेय, जेव आधी."

एरवी पुस्तकी बोलणारा सुधीर पडद्याला हळूच म्हणाला, "जेवतो गो, आये."