एक्क्यांची जोडी

रीनोमधल्या ज्येष्ठांच्या पोकर स्पर्धेत मधली सुट्टी झाली होती. कॉफीच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या काखेत खुर्चीची उशी होती; तो नुकताच बाद झाला होता.

"एक्क्यांची जोडी होती माझ्याकडे, अर्डिथ! एक्क्यांची!"

"होती ना. पण टेबलावर उघडले आठ, नऊ, दहा, आणि त्यांत दोन बदाम. अशा वेळी कुणाचंही काहीही जुळू शकतं."

"म्हणूनच सगळे चिप्स लावले. पळवायचं होतं सगळ्यांना."

"स्मॉल ब्लाइंडच्या खुर्चीत बसून? तिथे सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं, वेंडेल. तुझ्यानंतर चौघे बोलायचे होते. काही न लावता नुसतं चेक म्हणायचं आणि बघायचं."

"शेवटचं पान बदाम आलं म्हणून हरलो. तुझं नशीब."

"माझ्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन; पाचवा आला की तुझे एक्के हरले. उरले नऊ. तिनात एकदा येतोच."

"तेवढ्यात मोजलेस?"

"न मोजता तुझ्यासमोर चिप्स लावले असते?"

"नवऱ्याला तरी सोडायचंस."

"ती लबाडी झाली असती. तूच शिकवलंस."

"हं. किती उरलात?"

"अकरा. शेवटच्या टेबलावर नऊ जातील."

"एकोणीस वर्षांत मी कधी पोचलो नाही तिथे."

"माहीत आहे मला."

"सुट्टीनंतर तू कुठे आहेस?"

"स्मॉल ब्लाइंडवर."

"मग घाई करू नकोस. चेक म्हण आणि बघ. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"आणि ही उशी घे. खुर्च्या फार टणक आहेत."