सव्वा डॉलरचा जाम केक

अर्लीन : तुम्ही सरकारी वकिलाला केक पाठवलात, डेल्बर्ट. मला एवढंच कळायला हवंय की का.

डेल्बर्ट : आभार मानायला. सैन्यात तोफांनी कान घालवले माझे, पन्नास वर्षं सरकार म्हणत होतं वयामुळे झालं. तुम्ही वॉशिंग्टनच्या कोर्टात त्याला आडवं केलंत, वकीलबाई. आता हरलेल्या माणसाच्या घरी काहीतरी गोड पाठवायचं, ही आपल्या डोंगरातली रीत आहे. तुम्ही इथल्याच ना?

अर्लीन : इथलीच. पण तो इथला नाही.

नेवा : कसला केक गेला?

डेल्बर्ट : तुझाच. ब्लॅकबेरीचा जाम केक, अख्खा. तुझ्या या खानावळीतूनच नेला गेल्या महिन्यात. टपालात आठवडा टिकतो म्हणालीस.

नेवा : मला वाटलं बहिणीला पाठवतोयस. वकिलाला जाणार म्हणाला असतास तर वरचा पाक जरा कमी घातला असता.

अर्लीन : केकबद्दल कुणाची तक्रार नाही. सोबत बिल जोडलं, त्याचा घोटाळा झालाय.

डेल्बर्ट : घोटाळा कसला? सरकारी माणसाला वीस डॉलरच्या वरची भेट घेता येत नाही. मला नियम माहीत आहे. उद्या म्हणेल डेल्बर्ट स्टम्बोने लाच दिली. म्हणून नेवाकडून बिल लिहून घेतलं. आठ तुकडे, सव्वा डॉलरला एक, झाले दहा. सगळं कायद्यात बसवलं.

अर्लीन : आणि बिलाखाली स्वतःच्या हाताने काय लिहिलंत?

डेल्बर्ट : खरं तेच लिहिलं. 'आमच्या गावात १९९६ पासून हाच भाव आहे. एकदा या.' आणि सही.

अर्लीन : तो आला नाही. त्याने ते बिल कोर्टात पुरावा म्हणून लावलं.

नेवा : माझं बिल? कोर्टात? अगं, त्यावर लोण्याचा डाग असेल.

अर्लीन : डागासकट लावलंय.

डेल्बर्ट : मग बरंच आहे की. जज्जसाहेबांना कळेल गाव किती सज्जन आहे.

अर्लीन : डेल्बर्ट, माझी फी तुम्ही देत नाही, बरोबर? सरकार उगाच आडून बसलं होतं असं ठरलं, म्हणून सरकार देतं. कायद्यात दर लिहिलाय ताशी सव्वाशे डॉलर. तो १९९६ साली लिहिला. त्यानंतर जेवढी महागाई झाली तेवढा तो वाढवून मागता येतो, पण महागाई झाली हे दरवेळी मलाच दाखवावं लागतं.

नेवा : महागाई झाली हे दाखवावं लागतं? त्या जज्जांना अंडी कोण आणून देतं?

अर्लीन : मी रीतसर सरकारी आकडे लावले. त्यावर हा गृहस्थ म्हणतो, ते आकडे शहरांचे आहेत, बाईंचं ऑफिस केंटकीतल्या आडगावात, तिथे महागाई पोहोचलेलीच नाही, आणि हे मी म्हणत नाही, त्यांचाच अशील म्हणतोय.

डेल्बर्ट : केक खाऊन असं बोलला?

अर्लीन : खाल्ला की नाही, ते अर्जात नाही.

डेल्बर्ट : खाल्लाच असणार. मग मी कोर्टाला दुसरं पत्र लिहितो.

अर्लीन : तुम्ही काही लिहायचं नाही. कुणालाही. वाढदिवसाचं कार्डसुद्धा नाही.

डेल्बर्ट : पण आमची पेन्शन तर दर डिसेंबरला आपोआप वाढते. महागाई झाली की नाही, मला कुणी विचारत नाही.

अर्लीन : तुमची वाढते. माझी फी सव्वाशेला खिळलीय, दरवेळी उपटून काढावी लागते. सव्वाशेत भाडंसुद्धा सुटत नाही. लेक्सिंग्टन शहरातली विमा कंपनी दोनदा नोकरीला बोलावून गेलीय. वाढीव दर फेटाळला तर मी जाणार, उगाच लपवून काय करू.

डेल्बर्ट : आणि आमच्या सैन्यातल्या व्हर्नलच्या बायकोचं तुमच्याकडे असलेलं प्रकरण?

अर्लीन : ते मग तिने दुसऱ्या कुणाला द्यावं.

डेल्बर्ट : दुसरं आहे कोण इथे? तीन डोंगर धुंडाळले तरी सैनिकाचं काम घेणारा वकील सापडत नाही.

अर्लीन : म्हणून नेवाकडे आलेय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. नेवा, या केकचा भाव इतकी वर्षं वाढला कसा नाही, एवढं मला प्रतिज्ञेवर लिहून दे.

नेवा : कॉफी देऊ का अजून?

अर्लीन : दुसऱ्यांदा देतेयस. भरलेलाच आहे कप.

नेवा : सॉसेज जळतायत वाटतं.

अर्लीन : तुझी चूल बंद आहे, नेवा.

(डेल्बर्ट दोन्ही कानांतली यंत्रं काढून रुमालाने पुसत बसतो.)

नेवा : काढली का त्याने? हं. आता ऐक, आणि तोंडावर काही दाखवू नकोस. केकचा तुकडा साडेचार डॉलरला आहे. कधीचाच. सव्वा डॉलर फक्त त्यांना, जे सैन्यातून आले. त्यांचं बिल मी वेगळ्या वहीवर फाडते.

अर्लीन : आणि त्यांना कुणालाच माहीत नाही?

नेवा : मेन्यू कार्ड कोण वाचतं त्यांच्यातलं? रोज तेच खातात. बाकी गिऱ्हाइकांना मी दम दिलाय. पाद्रीबाबासुद्धा साडेचार मोजतात आणि गप्प बसतात.

अर्लीन : मग हेच लिहून दे. एवढ्याने त्याचा पुरावा झोपतो.

नेवा : नाही देणार. हा कागद फुटला तर ही माणसं उद्यापासून इथे पाय ठेवणार नाहीत. तुला ठाऊक नाही का यांचा ताठा? हा तर छत्रीसुद्धा उसनी घेत नाही, भिजत जातो.

डेल्बर्ट : साडेचार?

नेवा : तू ऐकलंस?

डेल्बर्ट : ऐकलं नाही. पन्नास वर्षं ऐकू येत नव्हतं मला, तेव्हा लोक काय बोलतात ते कसं कळायचं? ओठ वाचून. वकीलबाईंनी हे कोर्टात पंचवीस पानं भरून लिहिलंय.

अर्लीन : सत्तावीस.

डेल्बर्ट : म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या दारात भीक खातोय, नेवा. आणि वर वॉशिंग्टनला बढाई मारून कळवलं.

नेवा : यंत्रं घाल कानात. घाल म्हणते ना. हे ओठांवरून वाचू नकोस, ऐक. माझ्या होबर्टचा दावा तीनदा फेटाळला. आम्ही वकिलांची दारं झिजवली, सगळे म्हणाले, एवढ्या पैशात परवडत नाही. तसाच गेला माझा नवरा, १९९६ साली. तुम्ही सहा जणांनी त्याला खांदा दिलात, गुडघाभर चिखलात. मग इथे आलात, मी केक वाढला.

डेल्बर्ट : आठवतंय.

नेवा : मी म्हटलं, आज पैसे नकोत. तू सव्वा डॉलर टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, घे, नाहीतर पुन्हा येणार नाही. बाकीच्या पाचांनी तुझं बघून तसंच केलं. मला तुम्ही यायला हवे होतात. म्हणून घेतले. पुढे पीठ महागलं, साखर महागली, पण तुम्ही त्या दिवशी ठेवलेत त्याच्या वर तुमच्याकडून मागायला माझी जीभ रेटली नाही. याला तू भीक म्हण नाहीतर आणखी काही.



अर्लीन : डेल्बर्ट, तुम्ही नको म्हणालात तर मी ही गोष्ट उत्तरात घालणार नाही. नुसत्या आकड्यांवर लढते.

डेल्बर्ट : आणि हरलात तर विमा कंपनी.

अर्लीन : बहुतेक.

डेल्बर्ट : मग व्हर्नलची बायको होबर्टसारखी दारं झिजवत फिरणार. नेवा, लिहून दे. माझं नाव घालून लिही. सगळ्या कोर्टाला कळू दे की डेल्बर्ट स्टम्बो मेन्यू कार्ड वाचत नाही.

नेवा : आण तो कागद. पण लोण्याचा डाग पडला तर मला बोलायचं नाही.

अर्लीन : पडलाच पाहिजे. म्हणजे बिल तुझंच, हे सिद्ध होईल.

डेल्बर्ट : एक मात्र सांगतो. उद्यापासून मी साडेचार देणार.

नेवा : सव्वा.

डेल्बर्ट : साडेचार, नेवा. महागाई झालीय. आता तर ती कोर्टातही सिद्ध होणार.

नेवा : भाव वाढवून हवा असेल तर रीतसर अर्ज कर. मी हरकत घेईन.