हळदीकुंकवाची सही

हॅलो?… हो, नलूकाकूच बोलतेय. या घरात दुसरं कोण आहे फोन उचलायला… बोल मंजुषा.

काल मंदिरातल्या सभेत तुझ्या नवऱ्याला मी जरा जास्तच बोलले, म्हणून फोन केलास ना?… नाही?… सलील रागावला नाही?… बरं.

अगं पण ऐक ना, तू नव्हतीस तिथे. मी एवढंच विचारलं, कापसाला दोन वर्षं भाव नाही. घाटंजीकडचं गिऱ्हाईक येत नाही, आपले कापडवाले दुपारभर माशा मारून राहिले. अशा गावात हे एवढं मोठं स्वस्त दुकान कोणाच्या भरवशावर येऊन राहिलं?

हो, हो… डाळ स्वस्त मिळेल, ऐकलं. शेजारची ममताही तेच म्हणाली, चार रुपये वाचले तर काकू तुमचं काय जातं. तिचंही खोटं नाही. उघडा म्हणावं दुकान खुशाल. पण गाड्या ठेवायला आपलं निंबाखालचं मैदान काहून पाहिजे?… तो निंब यांनी लावला गं, कॉलनीत पहिला नळ आला त्या वर्षी. अन् त्याखाली लालीबाई बसते. तांड्यावरून डोक्यावर टोपलं घेऊन येते, तीस वर्षं झाली. हे गेले तेव्हा तेरा दिवस भाजी दारात ठेवून गेली, एका शब्दानं बोलली नाही. तिनं आता कुठे बसायचं?

तेच सांगतेय. सलील म्हणाला, मैदान द्यायला कॉलनीतल्या बावीस बायकांनी सह्या केल्यात. मी म्हटलं, नावं वाच. तर त्यानं कागदाची घडी केली अन् खिशात घातली. सगळ्यांसमोर. मग शंका येणार नाही तर काय?… हो, म्हटलं मी. सह्या खोट्या आहेत म्हटलं, नाहीतर वाचायला भीती कशाची.

काय?… कागद तुझ्याजवळ आहे?… आत्ता हातात?… मग वाच.

हं… ममता, ती असणारच… गुंजनची पण?… अगं, खालून काहून वाचून राहिली? पहिली कोणाची ते सांग.

…

परत वाच.

…

हो, माझीच सही. यांचं नाव मी पूर्णच लिहिते, नीळकंठ.

नाही, आठवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू. त्या दुकानवाल्यांनी ठेवलं होतं ना, वाणात प्लास्टिकचा डबा दिला… त्यांची एक मुलगी दारापर्यंत आली मला न्यायला. मी म्हटलं, बाई, आमच्यात विधवेला बोलावत नाहीत. ती म्हणाली, चला आजी, पहिला मान तुमचा. कुंकू लावलं तिनं मला. अन् कागद पुढे केला. नाव लिहा म्हणाली, सोडत आहे, मिक्सर निघेल… वर काय लिहिलं होतं ते कोण बघतंय. चष्मा घरी राहिला होता. असता तरी काय उपयोग, डोळेच भरून आले होते.

हे गेल्यापासून सहा वर्षांत कोणी बोलावलं होतं मला? तू तरी बोलावलंस का मंजुषा?…

नाही, रडू नको. मी कुठे माझ्या मोठ्या जावेला बोलावलं कधी. ती स्वयंपाकघरात बसून तिळगूळ वळायची, अन् मी बाहेर कुंकू लावत फिरायची.

म्हणून वाचली नाहीत त्यानं नावं?… माझी लाज राखायला?… अन् मी त्याला चारचौघांत खोटारडा ठरवलं.

नगरपालिकेत कधी देणार आहे तो कागद?… उद्या सकाळी. मग आज संध्याकाळी परत बोलाव म्हणावं सगळ्यांना… मी येते. सही कशी झाली ते सांगते, अन् माझ्या हातानं खोडते… हसले तर हसू देत. मी बोलले की बाकीच्या एकवीस जणीही आपापलं आठवतील… अन् सलीलची माफीही तिथेच मागते. घरी येऊन नाही.

थांब जरा… फाटक वाजलं. लालीबाईच, याच वेळेला येते… नाही, तिला माझ्या सहीचं माहीत नाही अजून. तू नको सांगू. संध्याकाळच्या आधी तिला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे…

ये लालीबाई… नाही, सांबाराची हिरवी जुडी राहू दे. टोपलं उतरव आधी, अन् आत येऊन बस…

ठेवते गं मंजुषा.