आवळलेल्या नळ्या

ताई : अहो, पण अशी पेटीत बंद करून ठेवली तर गुदमरेल ना आमची ठमी?

डॉक्टर : नाही गुदमरणार. आत हवा खेळती आहे. श्वास मोजायला कुत्र्याच्या तोंडावर मास्क धरता येतो, मांजर तो टिकू देत नाही. आणि जोरात फुंका, असं तर दोघांनाही सांगता येत नाही. म्हणून ठमीला नुसतं बसू द्यायचं. ती श्वास घेईल तशी पडद्यावर रेघ हलेल.

भाऊ : एवढं काय त्यात. केसांचा गोळा अडकला असेल घशात.

ताई : आईच्या वेळी वय झालंय म्हणायचास. तुझ्याकडे प्रत्येक खोकल्याला कारण तयार.

भाऊ : झालं सुरू.

डॉक्टर : हे बघा. श्वास आत जातोय, बाहेर पडताना अडतोय. श्वासाच्या नळ्या आवळल्यात. घरात कोणी सिगारेट ओढतं?

भाऊ : छे. मला चहाचंसुद्धा व्यसन नाही.

ताई : खाली काय चालतं ते सांग ना.

भाऊ : गाड्या रंगवतो. खाली वर्कशॉप, वर घर. फवारा मारताना शटर ओढून घ्यावं लागतं, नाहीतर ओल्या रंगावर धूळ बसते.

डॉक्टर : मग तो सगळा वास जातो कुठे?

ताई : जिन्यातून थेट आईच्या खोलीत. आणि ही दिवसभर आईच्या पायाशी. खोकून खोकून गेली हो आई, या उन्हाळ्यात. मी फोनवर सांगायचे, तिला दाखवून आण. हा म्हणायचा, नाटकं करते.

भाऊ : एकदाच म्हणालो.

ताई : तिनं ऐकलं होतं. नंतर तोंडावर उशी धरून खोकायची.

भाऊ : आणि तू? आईला न्यायला येते म्हणालीस. मग घर लहान, मग मुलीची परीक्षा, मग भाऊजींची बदली. फोनवरून माया करायला काय जातं?

डॉक्टर : जरा हळू बोला. ती घाबरली की श्वास बिघडतो. मी आता पेटीत औषधाची वाफ सोडतेय. नळ्या उघडल्या तर रेघेवर दिसेल.

(पेटीत वाफ भरते. दोघं पडद्यावरची रेघ बघत राहतात.)

डॉक्टर : छान. उघडताहेत. फार नुकसान झालेलं दिसत नाही. रोज औषध द्या आणि त्या घरात परत नेऊ नका. बरी राहील.

भाऊ : माणसांसाठी असतं का हे औषध?

डॉक्टर : माणसांचंच आहे. आम्ही प्राण्यांना वापरतो.

ताई : म्हणजे आईलाही…

डॉक्टर : त्यांना तपासल्याशिवाय मी कसं सांगू?

भाऊ : तेच तर. तपासलंच नाही कोणी.

ताई : ठमीला मी घेऊन जाते.

डॉक्टर : चालेल. पेटी उघडते… अहो, ही तर तुमच्याकडेच निघाली. घ्या तिला, दादा.

भाऊ : तूच उचल, ताई. माझ्या कपड्यांना वास आहे.